इंदूरची माती आणि माणसाचे आरोग्य

इंदूर म्हटले की सामान्य मराठी माणसाला होळकरांचे राज्य आठवते, अहल्याबाईंची पुण्याई आठवते, आणि माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी घराणी आठवतात. परंतु जगातील शेतकी वाङ्मयात ‘इंदूर’ हा शब्द निराळ्याच अर्थाने रूढ झालेला आहे. केनियातील कॉफीच्या मळ्यात किंवा इंग्लंडमधील एखाद्या बागेत ज्याने इंदूर कोठे आहे हे नकाशातही पाहिलेले नव्हते, त्याला ‘इंदूर पद्धत’ ठाऊक होती. ही पद्धत खत तयार करण्याची होती. गोठ्यातील शेण, शेतातील काडीकचरा, चुलीतील राख आणि पाणी एवढ्या सामग्रीवर उभ्या राहिलेल्या या पद्धतीने एका संस्थानी राजधानीचे नाव देशोदेशी नेले. तिच्यामागे सात वर्षांचे शास्त्रीय संशोधन होते. त्या संशोधनातून जो प्रश्न उभा राहिला तो खताच्या खड्ड्यापुरता मर्यादित राहिला नाही. माती निरोगी असेल तर पीक निरोगी होते काय, आणि पीक निरोगी असेल तर ते खाणारा माणूस निरोगी होतो काय, असा तो प्रश्न होता. त्याचे पुरते उत्तर अजूनही मिळालेले नाही.

या कथेचा आरंभ इंदुरात होत नाही. तो बिहारमधील पुसा या गावी होतो. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाने लॉर्ड कर्झन यांच्या हाती ३०,००० पौंडांची देणगी ठेवली आणि तिच्या आधाराने १९०५ मध्ये पुसा येथे शेतकी संशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्ड हे तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात १८७३ साली त्यांचा जन्म झाला होता. केंब्रिजचे शिक्षण संपवून त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरील बुरशीच्या रोगांचा अभ्यास केला होता, आणि नंतर केंट परगण्यात हॉप या वेलीवर काम केले होते. वेस्ट इंडीजमधील अनुभवाने त्यांच्या मनात एक शल्य निर्माण केले. प्रयोगशाळेत बसून रोगांवर उपाय सांगणाऱ्या शास्त्रज्ञाजवळ स्वतःचे शेत नव्हते. आपण सांगितलेला उपाय आधी आपल्याच शेतावर करून पाहावा, अशी सोयच त्याला नव्हती. पुसा येथे त्यांनी प्रथम मागितले ते स्वतःच्या देखरेखीखाली असलेले शेत, आणि सुमारे ७५ एकर जमीन त्यांना मिळाली.

त्यांच्या पत्नी गॅब्रिएल मॅथाई या स्वतः केंब्रिजच्या विदुषी होत्या. वनस्पती हवेतील कर्ब वायू घेऊन अन्न बनवितात त्या क्रियेवर तापमानाचा काय परिणाम होतो, याविषयीचे त्यांचे संशोधन विवाहापूर्वीच मान्यता पावले होते. १९१३ मध्ये सरकारने त्यांचीही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रीतसर नेमणूक केली. पति-पत्नींनी मिळून गव्हाच्या ‘पुसा ४’, ‘पुसा १२’ यांसारख्या जाती सिद्ध केल्या, आणि उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी त्या मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या. एखाद्या शास्त्रज्ञाला आयुष्यभर पुरावे एवढे हे यश होते.

हॉवर्ड मात्र त्यावर संतुष्ट राहिले नाहीत. उत्तम बियाणे निकस जमिनीत पेरले तर त्याचा गुण फारसा दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. बिहारमधील निळीच्या पिकाला मर लागत होती. तिचा माग काढताना त्यांना असे आढळले की पावसाळ्यात जमीन दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. म्हणजे रोग पानावर दिसत असला तरी त्याचे मूळ मातीत होते. ही दृष्टी आली की मग कवकशास्त्रज्ञाने बुरशी पाहावी, कीटकशास्त्रज्ञाने कीड पाहावी आणि रसायनशास्त्रज्ञाने मातीचे पृथक्करण करावे, ही वाटणी अपुरी वाटू लागते. पुसा येथील कारभार मात्र नेमका अशा खात्यांत विभागलेला होता. रोप एकच असले तरी त्याच्याकडे पाहणारे सहा जण सहा खोल्यांत बसले होते.

आणखी एक गोष्ट हॉवर्ड यांनी पुसा येथे शिकली, आणि तिचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले. भोवतालच्या शेतकऱ्यांची पिके कीटकनाशके किंवा रासायनिक खते यांच्यावाचून बऱ्याच अंशी रोगमुक्त राहतात, असे त्यांना दिसले. त्यांनी या शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींना आपले ‘गुरू’ मानले. साहेबाने हिंदुस्थानच्या शेतकऱ्याला गुरू म्हणावे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. पण ती अगदीच निराधारही नव्हती. डॉ. व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८९ ते १८९१ या काळात देशभर फिरून जो अहवाल लिहिला आणि जो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही येथील शेतकऱ्याच्या कसबाची वाखाणणी होती. जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि शेत उपाशी राहते, हे दुखणेही त्याच अहवालाने नोंदविले होते. तीस वर्षांनंतर इंदुरात जे काम झाले ते या जुन्या दुखण्यावरचे औषध होय.

१९२४ साली इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खर्चाचा मोठा भाग भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने उचलला आणि मध्य भारतातील संस्थानांनी आपापल्या परीने वर्गणी घातली. अल्बर्ट हॉवर्ड हे संस्थेचे संचालक झाले, आणि मध्य भारतातील संस्थानांचे शेतकी सल्लागार म्हणूनही त्यांनी काम पाहिले. कापूस समितीचा हेतू उघड होता. माळव्यातील कापूस सुधारावा, त्याचे उत्पन्न वाढावे, यासाठी तिने पैसा दिला होता. हॉवर्ड यांनी कापसावर काम केलेही. परंतु कापसाचे झाड हे ज्या जमिनीत उभे आहे, ज्या पावसात वाढते आणि ज्या बैलांच्या बळावर पिकविले जाते, त्या सर्वांचा अभ्यास केल्यावाचून कापूस सुधारणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून या संस्थेत खात्यांच्या भिंती उभारल्या गेल्या नाहीत. जमिनीची बांधणी, पाण्याचा निचरा, जनावरांची निगा, अवजारे, खत आणि वाण हे सारे एकाच प्रश्नाचे अवयव मानून काम सुरू झाले.

माळव्याची काळी जमीन बाहेरून सुपीक दिसते, पण तिचा स्वभाव कठीण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि तिच्यातील हवा कोंडते. म्हणून संस्थेने प्रथम शेते समतल करून घेतली, पाण्याला वाट दिली, बांध गवताने धरून ठेवले. निचऱ्याचे महत्त्व किती, हे दाखविणारी एक घटना हॉवर्ड यांनी नमूद करून ठेवली आहे. जुलैच्या पावसात एका शेताच्या काही भागात पाणी तुंबले. तो भाग नकाशावर आखून ठेवण्यात आला. पुढे ऑक्टोबरात त्याच शेतात हरभरा पेरला. हरभऱ्यावर अळी पडली ती नेमकी जेथे जुलैत पाणी साचले होते तेवढ्याच भागात. उरलेले पीक निरोगी वाढले. अळीला शेतभर फिरण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तरीही ती कोंडलेल्या मातीत वाढलेल्या रोपांवरच राहिली. हॉवर्ड यांच्या मते कीड हा रोगाचा आरंभ नसून, रोपाचे पोषण बिघडल्याची ती खूण होती.

जमीन नीट झाली की पुढचा प्रश्न खताचा. शेतकऱ्याजवळ रासायनिक खत विकत घेण्यास पैसा नाही, शेणाचा बराच भाग चुलीत जातो, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, तण, पालापाचोळा हे सारे एक तर जळते किंवा वाया जाते. उकिरड्यावर जे खत साठते ते पावसात धुऊन जाते आणि उन्हात वाळते. या सर्व टाकाऊ पदार्थांचे उत्तम खत कसे करावे, हा संस्थेपुढील प्रश्न होता. चीन, कोरिया व जपान येथील शेतकरी शेकडो वर्षे जमीन निकस होऊ न देता कसे पीक काढतात, याचे एफ. एच. किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णन केले होते. त्या पूर्वेकडील परंपरेची प्रेरणा हॉवर्ड यांनी घेतली. परंतु परंपरेला आकडे, तापमान आणि वेळापत्रक यांची जोड देण्याचे काम इंदुरात झाले.

या कामात हॉवर्ड यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले पाहिजे तो सहकारी म्हणजे यशवंत वाड. संस्थेच्या रसायन शाखेतील ते मुख्य सहायक होते. खड्ड्यात काय चालले आहे, नत्र वाढतो की घटतो, कर्ब किती जळतो, आम्लता केव्हा बाधते, याचा शोध त्यांच्या देखरेखीखाली झाला. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस तयार करण्याविषयीचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. त्या काळी हिंदी सहायकाचे काम बहुधा साहेबाच्या प्रस्तावनेतील आभारापुरते उरत असे. येथे ते मुखपृष्ठावर आले. तथापि पुढे जगभर कीर्ती झाली ती मुख्यतः हॉवर्ड यांची. वाड यांचे नाव महाराष्ट्रातही थोड्यांनाच ठाऊक आहे.

पद्धत साधी होती, पण तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण होते. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असे खड्डे घेतले जात. कपाशीच्या पऱ्हाटीसारखा कठीण माल प्रथम वाटेवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घेतला जाई, हिरवे तण सुकवून घेतले जाई. मग हा मिश्र काडीकचरा जनावरांखाली अंथरून, शेणाने माखवून, थरांनी खड्ड्यात भरावयाचा. प्रत्येक थरावर थोडी राख आणि गोठ्यातील मूत्र मुरलेली माती टाकावयाची, आणि पाणी शिंपडावयाचे. जनावराच्या मूत्रात नत्र भरपूर असतो, आणि नेमके तेच आपल्याकडे वाया जाते. म्हणून गोठ्यात मातीची भुई ठेवून ती ठरावीक काळाने खणून घेण्याची योजना हा या पद्धतीचा कणाच होता. राखेमुळे आम्लता मारली जाई. कचरा दाबून तुडवावयाचा नाही, कारण हवा कोंडली तर कुजणे बिघडते आणि दुर्गंधी सुटते.

खड्डा भरला की तो तापू लागे. तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाई. प्रथम बुरशीची वाढ होई, सारा ढीग पांढुरका दिसे. नंतर जिवाणूंचे राज्य सुरू होई. साधारण दोन आठवड्यांनी पहिली पालट, महिन्याभराने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांच्या अखेरीस काळेभोर, मातीसारखा वास येणारे खत तयार. आरंभी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ असे ठेवले तर अखेरीस ते १० ला १ असे येते, हे या संशोधनाचे रासायनिक सार होय. कच्चा काडीकचरा जमिनीत गाडला तर त्याला कुजविणारे सूक्ष्मजीव आपल्या वाढीसाठी जमिनीतीलच नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. ते भांडण शेतात होऊ न देता खड्ड्यातच उरकून घ्यावे, हे तत्त्व. यासाठी यंत्र लागत नाही, परदेशी माल लागत नाही. लागतात ते हात, शिस्त आणि वेळेवर पाणी.

ज्या हातांनी हे काम व्हावयाचे त्यांचाही विचार संस्थेने केला होता. मजुरांना वेळच्या वेळी वेतन, कामाचे ठरावीक तास, राहावयास नीट घरे आणि आजारपणात औषधोपचार, या गोष्टी संस्थेच्या व्यवस्थेचाच भाग होत्या. शेती सुधारण्याचा कार्यक्रम आणि शेतमजुराची दशा यांची फारकत करून चालणार नाही, ही जाणीव त्या काळच्या शेतकी संशोधनात विरळा होती.

१९३० मध्ये गॅब्रिएल हॉवर्ड यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, अल्बर्ट हॉवर्ड हिंदुस्थानातून निवृत्त झाले. परंतु इंदूरचे काम थांबले नाही. एफ. के. जॅक्सन आणि यशवंत वाड यांनी हीच पद्धत वस्तीतील केरकचरा व मैला यांना लागू केली आणि त्याविषयीचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. या निबंधाचे महत्त्व वेगळे आहे. गावाच्या कडेला उघड्यावर पडणारा मैला हे माश्यांचे, जंतांचे आणि पोटाच्या विकारांचे माहेरघर. तोच मैला काडीकचऱ्याच्या थरांत नीट झाकून ठेवला तर ढिगाच्या उष्णतेने रोगजंतू व माश्यांच्या अळ्या नष्ट होतात आणि शेतालाही खत मिळते. शेतकीच्या संशोधनातून सार्वजनिक आरोग्याचा एक उपाय निघाला, तो असा. माती आणि आरोग्य यांचा संबंध येथे तर्काचा उरत नाही. तो डोळ्यांनी दिसतो.

महात्मा गांधी एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने इंदुरास आले असता त्यांनी या संस्थेस भेट देऊन खताची ही पद्धत पाहिली, आणि ‘हरिजन’ पत्रातून तिचा पुरस्कार केला. ज्याला अस्पृश्य मानून गावाबाहेर ठेवले त्याच्या माथी जे काम मारले गेले होते, त्याच कामाचे शास्त्र येथे मांडले जात होते. गांधीजींना त्याचे अगत्य वाटावे हे स्वाभाविक होते. पुढे कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचा जो प्रसार केला, तो याच विचारकुळातला. विदर्भात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची जी रीत बसविली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. इंदूरचा खड्डा आणि पुसदचे टाके यांच्या रचनेत फरक आहे. पण काडीकचऱ्याला धन मानण्याची दृष्टी एकच आहे.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. माती निरोगी तर माणूस निरोगी, हे विधान कितपत सिद्ध झाले? हॉवर्ड यांचा स्वतःचा अनुभव बोलका होता. पुसा येथे त्यांचे बैल उत्तम वैरणीवर पोसलेले असत. शेजारच्या कुंपणाशी लाळ्या-खुरकूत झालेली जनावरे येत, त्यांच्या नाकाला नाक घासत. तरीही आपल्या बैलांना तो रोग झाला नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. याच सुमारास दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन हे आहार व आरोग्य यांवर प्रयोग करीत होते. त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी अशा पद्धतींचे आहार दिले. शीख आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मराठा आहाराचा क्रम वरच्या फळीत लागला, आणि सडीक तांदळावर भर असलेला व दूध अल्प असलेला आहार सर्वांत खाली राहिला. यात वंशाचा गुण नव्हता. अख्खे धान्य, डाळ, भाजी आणि दूध यांचा गुण होता. त्यांनी आणि विश्वनाथ यांनी १९२६ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेणखतावर वाढलेले धान्य रासायनिक खतावर वाढलेल्या धान्यापेक्षा अधिक पोषक आढळले, असा त्याचा निष्कर्ष होता.

इंदूर आणि कुन्नूर यांचे निष्कर्ष एकत्र ठेवून हॉवर्ड यांनी मातीपासून माणसापर्यंत एक अखंड साखळी कल्पिली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथात त्यांनी ती मांडली, आणि नंतरच्या ग्रंथांत ती अधिक आवेशाने मांडली. इंग्लंडात ईव्ह बाल्फर आणि अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी तिचा स्वीकार केला. आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात त्या चळवळीच्या उगमाशी माळव्यातील हा खड्डा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु आवेश आणि पुरावा या दोन वस्तू भिन्न आहेत. बैलांचे उदाहरण लक्षवेधी असले तरी ते एका कळपाचे निरीक्षण आहे. तोलून पाहिलेला प्रयोग नव्हे. कुन्नूरच्या धान्यावरील प्रयोगासारखा ठळक फरक पुढे सर्वत्र आढळला नाही. संख्याशास्त्राच्या आधाराने छोट्या वाफ्यांवर केलेल्या प्रयोगांची हॉवर्ड यांनी थट्टा केली. पण त्या शिस्तीमुळेच एका शेतावरचा योगायोग आणि सर्व शेतांना लागू पडणारा नियम यांतील फरक कळतो, ही गोष्ट त्यांनी पुरेशी मानली नाही. स्वातंत्र्यानंतर देशावर अन्नटंचाईचे जे संकट आले ते १९६० नंतरच्या दशकात नव्या वाणांनी, पाटबंधाऱ्यांनी आणि रासायनिक खतांनी निवारले. केवळ उकिरड्याच्या बळावर एवढ्या लोकसंख्येचे पोट त्या वेळी भरले असते, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पंतनगर येथे य. ल. नेने यांनी १९६० नंतरच्या दशकातच दाखवून दिले की तराईतील भाताचा ‘खैरा’ नावाचा रोग कोणा जंतूमुळे नसून जमिनीत जस्त अपुरे पडल्यामुळे होतो. रोग पानावर, कारण मातीत. निळीच्या पिकावरून हॉवर्ड यांनी हेच म्हटले होते. जस्त कमी असलेल्या जमिनीतील धान्यात जस्त कमी उतरते आणि ते धान्य खाणाऱ्या मुलाच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, हे आज मान्य झाले आहे. ज्या मृत्तिका-सूक्ष्मजीवांकडे इंदूरच्या खड्ड्याने लक्ष वेधले, त्यांच्याच जगातून सेल्मन वॅक्समन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक निघाले. वॅक्समन हे मुळात मृत्तिकाशास्त्रज्ञ होते आणि ह्यूमसवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. मातीचा अभ्यास माणसाच्या फुप्फुसापर्यंत असाही पोहोचला. साखळी आहे, मात्र ती हॉवर्ड यांनी मानली तितकी सरळ आणि एकपदरी नाही. तिचा प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासून घ्यावा लागतो.

संस्थेचे पुढील आयुष्यही लक्षात घेण्याजोगे आहे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. इंदूरच्या त्या जागेत १९५९ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले. पुढे ते जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाशी आणि २००८ पासून ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विद्यापीठाशी जोडले गेले. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पुसा येथील संस्था १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर दिल्लीस हलविण्यात आली. मातीचा अभ्यास एका शहरात, पोषणाचा दुसऱ्या, पिकांचा तिसऱ्या अशी ही विभागणी कारभाराच्या दृष्टीने सोयीची आणि शास्त्राच्या प्रगतीस आवश्यकही आहे. खोल जावयाचे तर क्षेत्र आखून घ्यावेच लागते. पण खोल गेलेल्या विहिरींचे पाणी एका पाटात कोठे तरी आणावे लागते, आणि ती जागा बहुतेक वेळा कोणाच्याच खात्यात नसते.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे केंद्र सरकारने ‘मृदा आरोग्य पत्रिका’ ही योजना सुरू केली. शेतकऱ्याच्या हाती त्याच्या जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, जस्त इत्यादींची नोंद असलेला कागद द्यावा, असा तिचा उद्देश. मातीला ‘आरोग्य’ असते ही कल्पना अशा रीतीने सरकारी कागदावर आली. १९२४ साली इंदुरात ती एका संस्थेची धारणा होती. त्या संस्थेने सिद्ध केले ते थोडे होते, आणि तिने सुचविले ते पुष्कळ होते. सिद्ध झालेले आज पाठ्यपुस्तकात आहे. सुचविलेले पडताळून पाहण्यासाठी शेतकी खाते, आरोग्य खाते आणि गावचा शेतकरी यांनी एकाच शेताच्या बांधावर यावे लागेल. असे जेव्हा घडेल, तेव्हाच हॉवर्ड आणि वाड यांनी हाती घेतलेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.